आजारी न पडलेली माणसं

माझ्या धाकट्या बहिणीने डॉक्टर झाल्यावर पुढचं शिक्षण सार्वजनिक आरोग्यात घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या नात्यात ज्याला त्याला मत फुटलं. मामा म्हणाले, म्हणजे एवढं शिकून आता डास मारत फिरणार का? काकूंची खात्रीच होती की पोरीला चांगल्या शाखेत जागा मिळाली नसणार. आमचे हे एरवी महिन्यातून एखादं वाक्य बोलतात, ते म्हणाले, डास मारणाराही कुणीतरी लागतोच. मी तिच्या बाजूने सगळ्यांशी भांडले आणि घरी येऊन तिच्याशीही भांडले, कारण खरं सांगायचं तर मलाही काही कळलं नव्हतं. हाडं जोडली, बाळंतपणं केली, तर लोक नाव काढतात. जो आजार झालाच नाही, त्याचे आभार मानायला कोण येतं?

ती म्हणाली, "ताई, कपडा फाटला की तू शिवतेस. तो फाटू नये म्हणून बघणारं कुणी नको का?"

मी म्हटलं, असं कुणी निघालं तर माझं दुकान बंद पडेल. माझं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे, आमच्या गल्लीच्या मधोमध. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कुणाचं पोट सुटलं तर कंबर सैल कर, असली कामं. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीला मीच वाढवलं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क माझा आहे आणि तो मी पुरेपूर वापरते.

त्या प्रवेशाचा नियम असा होता की तीनदाच बसता येतं. दोन वेळा ती लेखी परीक्षेत वर आली आणि मुलाखतीत गळली. ही तिसरी आणि शेवटची खेप. मुलाखतीत स्वतः केलेलं एक काम मांडायचं असतं, पुस्तकातलं नाही, गल्लीबोळातलं. या वेळी तिच्याकडे असं काम होतं आणि ते आमच्याच गल्लीतलं होतं.

आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडे कावीळ पसरली. आधी खालच्या टोकाला दोन-चार घरांत, मग मधल्या घरांत. आमच्या ह्यांचे डोळे पिवळे झाले, दुकानासमोरच्या घरातली सून आजारी पडली. धाकटी तेव्हा इथल्याच आरोग्य केंद्रात होती, कंत्राटी नोकरीवर. साथ शोधायचं काम तिच्याकडे आलं. हातात कागद घेऊन ती घरोघर फिरली. आमच्याकडे आली तेव्हा बहीण म्हणून नाही, सरकारी माणूस म्हणून आली. दारातच उभं राहून तिने मला विचारलं की भावजींनी बाहेरचं काय काय खाल्लं-प्यायलं. मी आठवून आठवून सांगितलं. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानातला फळांचा रसही सांगितला. इतरांनीही सांगितला. आजारी माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी तो रस होता.

तिने त्या दुकानाच्या नळाचं पाणी तपासायला पाठवलं. पाणी खराब निघालं. पालिकेची माणसं आली, रसवाल्याच्या दुकानाला सील लागलं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात नवे रोगी येणं थांबलं. पेपरात दोन ओळी छापून आल्या, त्यात धाकटीचं नाव नव्हतं, पण "तरुण महिला डॉक्टर" असं होतं, आणि मी तो पेपर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला.

समोरची सून मात्र गेली. सातवा महिना होता तिचा. या जातीची कावीळ पोटुशा बाईला फार वाईट, असं धाकटीने मला नंतर सांगितलं. ती सून रोज संध्याकाळी रस प्यायची. तिला सारखं आंबट हवं असायचं, म्हणून रसवाला स्वतः रस्ता ओलांडून ग्लास नेऊन द्यायचा, वर बर्फ जास्त घालून. हे सगळ्या गल्लीने पाहिलेलं. त्यामुळे ती गेल्यावर कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत की अंगावर धावून गेलं नाही, पण त्याच्याशी बोलणंच बंद झालं. सील काढून घ्यायचा अर्ज त्याने कधी केलाच नाही. तो बाजारात पोती उचलायला जाऊ लागला. सकाळी माझ्या दुकानावरून जायचा तेव्हा समोरच्या घराकडे पाठ येईल अशा बेताने, माझ्या बाजूच्या भिंतीला चिकटून चालायचा.

मुलाखतीला महिना उरला तेव्हा धाकटी रोज संध्याकाळी माझ्या दुकानात तयारीला यायची. मी परीक्षक व्हायचं, तिने उत्तरं द्यायची. हातात दुसऱ्याची पँट, तोंडात टाचण्या, असा परीक्षक तिला जन्मात भेटला नसेल. ती ठसक्यात सांगत होती की आजारी माणसांतले इतके इतके जण त्या दुकानात रस प्यायले होते, दुकानाचं पाणी दूषित होतं, दुकान बंद केल्यावर साथ आटोक्यात आली. मला कंटाळा आला होता. म्हणून थट्टा करायला मी म्हटलं, की त्या आकड्यात तुझे भावजीही असतील, तर परीक्षकांना हेही सांग की या माणसाने तोवर उभ्या आयुष्यात रस प्यायला नव्हता. रस म्हणजे लहान मुलांचे चोचले, असं त्यांचं मत. आजारपणात पोटात काही ठरेना, घास बघितला की उमासे, तेव्हा मीच दोन वेळा जाऊन रस आणायची आणि चमच्याने पाजायची.

धाकटी बोलायची थांबली. मला वाटलं पाठ केलेलं विसरली.

"म्हणजे आजारी पडल्यावर प्यायले?" तिने विचारलं. "आधी नाही?"

"आधी कशाला पितील? तू विचारलंस रस प्यायले का, मी सांगितलं प्यायले. कधी ते तू विचारलं नाहीस."

ती स्टुलावर बसली. मी गमतीत म्हटलं की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. तिला हसू आलं नाही. समोरच्या घराकडे बघत ती म्हणाली की उद्या तू माझ्याबरोबर चल, तू असलीस की लोक दार उघडतील.

आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. मी बरोबर होते म्हणून लोक बोलले, नाहीतर वर्ष उलटून गेल्यावर कावीळ कुणाला आठवायची आहे? धाकटीने या वेळी एकेकाला नीट विचारलं, की रस कधी सुरू केला, कुणी आणून दिला, का आणून दिला. घरोघर तेच ऐकू आलं. जेवण जात नव्हतं म्हणून रस दिला. ताप होता म्हणून दिला. शेजारणीने सांगितलं की आजाऱ्याला रस बरा, म्हणून दिला. आधीपासून पिणारेही होते, पण थोडेच.

मग आम्ही गल्लीच्या वरच्या टोकाला गेलो, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. तिथे ती पहिल्या वेळी गेलीच नव्हती, कारण तिथे कुणी आजारी नव्हतं. तिथल्या पोरांचा शाळेतून येताना रसाच्या दुकानावर रोजचा अड्डा असायचा. आया कपाळाला हात लावून सांगत होत्या, की घरचं दूध नको आणि तो रस हवा. त्यातल्या एकाही पोराला काही झालं नव्हतं. रस निव्वळ फळांचा असायचा, नळाचं पाणी तिथे फक्त भांडी धुवायला लागायचं. धाकटी प्रत्येक दारात हे ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

राहिलेलं एका पेन्शनर गृहस्थांनी पुरं केलं. त्यांच्या नळाला पाणी बारीक यायचं, म्हणून त्यांनी पालिकेत तक्रारीवर तक्रार केली होती. शेवटी माणसं आली, त्यांच्या घराच्या जरा खाली रस्ता खणला, गटाराशेजारून जाणारा पाइपचा कुजलेला तुकडा काढून नवा बसवला. कधी, असं धाकटीने विचारलं. गृहस्थ म्हणाले, तेच ते, रसाच्या दुकानाला सील लागलं त्या आठवड्यात. म्हणजे वरच्या टोकाची घरं त्या तुकड्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, आणि रसवाला, समोरची सून, आम्ही, सगळे पलीकडे. पालिकेत पाणी खातं आणि आरोग्य खातं एकाच इमारतीत वरखाली बसतात. वरच्याने काय केलं ते खालच्याला कळलं नाही, आणि खालच्याने वर जाऊन विचारलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच की इथे फाशी देणारी माझी धाकटी होती.

त्या रात्री जेवताना तिने मला समजावून सांगितलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच सांगत होती. दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरसमोर फक्त आजारी माणूस येतो. त्याची सवय लागते. जो बरा आहे त्याला काय विचारायचं, असं वाटतं. पण साथ शोधताना बऱ्या माणसाला विचारलं नाही तर काहीच कळत नाही, कारण आजारी माणसाने जे केलं ते बऱ्यानेही केलं असेल तर दोष त्यात नाही. हा या विद्येचा पहिला धडा आहे, म्हणाली, आणि मी तो परीक्षेत दोनदा लिहून मार्क घेतलेत.

मग ती उठली. रसवाल्याच्या घरी जाऊन येते म्हणाली.

मी तिला अडवलं. हात धरून अडवलं. त्याच्या बायकोच्या जिभेला हाड नाही. सकाळपर्यंत गल्लीभर, दुपारपर्यंत पालिकेत. आरोग्य केंद्राच्या प्रमुखांनी तिच्या अर्जासोबत शिफारस जोडली होती ती याच कामाच्या जोरावर. ती मागे घेतली की मुलाखतीचं बोलावणंही गेलं. कंत्राट संपत आलेलं, चौथी खेप नाही. मी तिला म्हटलं, वर्ष गेलंय, अजून चार आठवडे गेले तर त्याचं काय बिघडणार आहे? आधी मुलाखत होऊ दे. मग त्याला सांग, पेपरात छाप, चौकात उभी राहून सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

"आणि मुलाखतीत काय सांगू?" तिने विचारलं.

"जे पाठ केलंयस तेच."

आमची खूप भांडणं झालीत, पण त्या दिवसासारखं नाही. ती म्हणाली की खोट्यावर मिळालेली जागा मला नको. मी म्हटलं की तुला वाढवताना मी किती खोटं बोलले ते तुला माहीत नाही, शाळेत, दुकानात, घरमालकाजवळ, आणि त्या खोट्यावरच तू डॉक्टर झालीस. आमचे हे ताट घेऊन आत निघून गेले. शेवटी ती रडली, मीही रडले, आणि ती रसवाल्याकडे गेली नाही. तेवढ्यापुरती मी जिंकले.

तो महिना ती सुकत गेली. संध्याकाळची तयारी बंद झाली. दुकानात यायची तेव्हा आत कपड्यांच्या ढिगाआड बसायची, म्हणजे रसवाला जाता-येता दिसू नये. मी तिची मुलाखतीची निळी कुर्ती दोनदा आत घेतली, इतकी ती वाळली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं.

मुलाखतीच्या दिवशी ती संध्याकाळी थेट दुकानात आली. मी शिवणयंत्र थांबवलं. तिने सांगितलं, की तिघे परीक्षक होते. तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की मी हे काम घेऊन आले आहे आणि हे चुकलेलं आहे. मग सगळं सांगितलं, रस कधी प्यायले ते न विचारल्याचं, वरच्या टोकाला न गेल्याचं, दुकानाशिवाय दुसऱ्या कुठल्याच नळाचं पाणी न तपासल्याचं, पाइपचं. मी विचारलं, मग हाकलून दिलं का?

हाकललं नव्हतं. मधोमध बसलेल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिला कितीतरी वेळ प्रश्न विचारले. पुढच्या उमेदवाराची वेळ होऊन गेली तरी थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या की आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आपण काय बरोबर केलं ते सांगतो. आपली चूक स्वतः शोधून काढणारी पहिलीच आलीस. निकाल आठवड्याने लागणार होता, पण बाईंच्या चेहऱ्यावरून तो लागल्यासारखाच होता.

मी उठून तिला मिठी मारली. मामांना फोन करायला हात फोनकडे गेला. म्हटलं, बघ, खऱ्याला मरण नाही. हे वाक्य महिन्यापूर्वी खोटं बोल म्हणून भांडलेल्या बाईच्या तोंडून आलं, याची मला त्या क्षणी लाजही वाटली नाही.

धाकटी तशीच उभी होती. "ताई," ती म्हणाली, "माझ्या चुकीचे मला मार्क मिळाले."

मी म्हटलं, मग वाईट काय त्यात?

"ज्याचं दुकान गेलं त्याला अजून माहीत नाही. तीन अनोळखी माणसांना मी आधी सांगितलं."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही तशाच निघालो. माझं दुकान, त्याचं घर, मध्ये चार दारं. आयुष्यात इतकी लांब वाट मी चालले नव्हते.

रसवाला कामावरून नुकताच आला होता. बनियनवर बसून पाय चोळत होता. आम्हाला बघून त्याने घाईने शर्ट चढवला, बायकोला पाणी आणायला सांगितलं. माणूस इतका साधा की ज्या बाईमुळे दुकान गेलं तिला त्याने खुर्ची पुसून दिली. धाकटी बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. पाल्हाळ लावलं नाही की रडली नाही, ते बरं केलं. पाणी सगळ्या गल्लीचं खराब होतं. पाइप कुजला होता. जे तुमच्या नळाला येत होतं तेच समोरच्या घराच्या नळालाही येत होतं, दिवसभर, स्वयंपाकाला, प्यायला. तुमच्या दुकानाने साथ आणली नाही. मी चुकीचं शोधलं. दुकानाचं सील काढायला आणि अहवाल दुरुस्त करायला मी स्वतः पालिकेत जाणार आहे.

त्याची बायको दारात पाण्याचे ग्लास घेऊन थांबली होती. मी म्हटलं होतं जिभेला हाड नाही, पण ती एक अक्षर बोलली नाही.

रसवाल्याने विचारलं, "मग समोरची पोरगी?"

"तुमच्या रसामुळे गेली असं म्हणता येणार नाही, भाऊ. तिच्या घरातलं पाणीच तसं होतं."

"मी बर्फ जास्त घालायचो. तिला आवडायचा म्हणून."

"बर्फ तुम्ही बाहेरून आणायचात. तोच वरच्या पोरांच्या ग्लासातही असायचा, त्यांना काही झालं नाही."

तो मान हलवत राहिला. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. दुकानाचं त्याने काहीच विचारलं नाही, सील कधी निघेल, भरपाई मिळेल का, काही नाही. त्याने धाकटीकडे बघून एवढंच विचारलं, की डॉक्टर, तुम्हाला हे कधी कळलं.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या जागी असते तर आजच कळलं म्हणाले असते. सवयीने माझ्या ओठावर आलंही होतं.

"महिना झाला," ती म्हणाली.

"महिना," रसवाला म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी रोज त्या दारावरून जातो. रोज सकाळी वाटतं की हिला मी मारलं, हिला आणि पोटातल्याला. कामावर जाईपर्यंत तेच, येताना तेच. तुम्हाला माहीत होतं, आणि मी महिनाभर अजून तिला मारत होतो."

मी सांगायला तोंड उघडलं, की तिला मी अडवलं, दोष माझा आहे. पण तो उठला होता. कोपऱ्यातल्या चपला त्याने पायात घातल्या, शर्टाची राहिलेली गुंडी लावली आणि दार उघडून बाहेर पडला. खिडकीतून दिसत होतं. या वेळी तो भिंतीला चिकटून चालला नाही. रस्ता ओलांडून त्या घरासमोर गेला आणि दार न वाजवता तसाच उभा राहिला.

धाकटी त्याच्यामागे जायला निघाली, तेव्हा त्याची बायको मध्ये आली. हातातले ग्लास तिने खाली ठेवले.

"तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही बसा इथे."

आम्ही बसलो. बाहेर दार उघडल्याचा आवाज आला, मग त्या सुनेच्या सासूबाईंचा, कोण आहे म्हणून विचारल्याचा, आणि त्यावर तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही.